बिनभाड्याच्या जागेचे भाडे

अमेरिकेत मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या दोन राज्यांची सीमा आखीत दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत जाणारी आणि पुढे कॅनडात शिरणारी रेड नावाची एक नदी आहे. तिच्या दोन्ही तीरांवरील काळीभोर, पाटासारखी सपाट जमीन साखरेच्या बिटासाठी प्रसिद्ध असून, हे बीट पिकविणारे शेतकरी आपल्याकडील ऊस-उत्पादकांप्रमाणेच सहकारी कारखान्यांचे सभासद आहेत. त्या खोऱ्यातील अमेरिकन क्रिस्टल शुगर ही मोठी संस्था पूर्वी खासगी भागधारकांची कंपनी होती, आणि 1973 साली बीट-उत्पादकांनीच ती विकत घेऊन आपल्या मालकीची केली. प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभ्या केलेल्या सहकारी कारखान्याची हकिकत ज्यांनी ऐकली आहे, त्यांना या खोऱ्यात गेल्यावर काही परके वाटू नये.

ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेस तेथे काढणीची मुख्य धांदल सुरू होते. जमीन गोठण्यापूर्वी सारे पीक बाहेर काढून रचून ठेवायचे असल्यामुळे सुमारे दोन आठवडे शेतांतून वजनकाट्याकडे मालमोटारींची रीघ रात्रंदिवस लागलेली असते, आणि प्रत्येक मोटारीतील बीट एका प्रचंड यंत्राच्या पट्ट्यावरून वर चढून दुमजली घराएवढ्या उंच ढिगावर जाऊन पडते. ऊस तोडल्यावर एक-दोन दिवसांत गाळला नाही तर त्यातील साखर उतरू लागते. बीट मात्र उत्तरेच्या थंडीत गोठून महिनोन्‌महिने टिकते, आणि म्हणून ते वेळेवर रचणे हेच तेथील साऱ्या हंगामाचे मर्म होय. हवा अधिक उबदार झाली तर ढीग आतून तापून कुजेल, आणि बीट जमिनीतच गोठले तर ते रचल्यावर टिकणार नाही, या भीतीने दोन्ही प्रसंगी काम थांबविण्यात येते, व मजुरांनी आकाशाकडे पाहत बसून राहायचे असते. पाळी बारा तासांची. यंत्राच्या पायथ्याशी शिरस्त्राण आणि भडक रंगाचे जाकीट घालून मोटारचालकाला हाताने खूण करायची, साखरेचा उतारा तपासण्यासाठी पिशवीत नमुना भरायचा, यंत्राखाली साचलेला चिखल फावड्याने ओढायचा, असे हे काम आहे.

हे काम करण्यासाठी तेथे येणाऱ्यांत साठी ओलांडलेली जोडपी पुष्कळ असतात, आणि ती आपले घर बरोबर घेऊन येतात. ज्याला अमेरिकेत आरव्ही म्हणतात ते हे घर: शेज, चूल, शौचकूप आणि पाण्याची टाकी एका पेटाऱ्यात बसविलेली मोटार, किंवा मोटारीमागे जोडून ओढायचा डबा. कारखाना त्यांच्या मुक्कामाची जागा, वीज आणि पाणी यांचा खर्च सोसतो, तासांप्रमाणे मजुरी देतो, आणि काढणी संपली की ही घरे दक्षिणेच्या उबेकडे निघून जातात.

आपल्याकडे बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी निघणाऱ्या टोळ्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याच्या मनात येथे तुलना उभी राहिल्यावाचून राहत नाही. नवरा आणि बायको मिळून 'एक कोयता' मोजण्याची रीत, मुकादमाकडून घेतलेली उचल, ती फिटेपर्यंत न सुटणारी बांधिलकी, फडाजवळ उभारलेली कोपी, आणि अंथरुणापांघरुणासह बैलगाडीत बसलेली मुले. या दोन स्थलांतरांत अंतर मोठे आहे, आणि ते मिटविण्याचा माझा हेतू नाही. अमेरिकेतील वृद्ध मजुराच्या पाठीशी सामाजिक सुरक्षेचे मासिक निवृत्तिवेतन आणि पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्यविमा असतो, त्याच्यावर मुकादमाचे कर्ज नसते, आणि काम पटले नाही तर किल्ली फिरवून निघून जाण्याचा अधिकार त्याला निदान तत्त्वतः असतो. परंतु एका बाबतीत मला आपली भाषा अधिक प्रामाणिक वाटते. ऊसतोडीला जाणाऱ्याला आपण ऊसतोड मजूर म्हणतो. त्याच्या भटकण्याला आपण पर्यटन म्हणत नाही, आणि त्याच्या मजुरीला 'जोडउत्पन्न' हे गोंडस नाव देत नाही.

अमेरिकेत अशी नावे दिली गेली आहेत, आणि माझा आक्षेप त्या नावांना आहे. काम आणि तंबू-मुक्काम यांसाठी असलेले दोन इंग्रजी शब्द जोडून 'वर्कँपिंग' असा एक शब्द तेथे घडविण्यात आला. 1987 पासून अशा कामांच्या जाहिराती छापणारे एक नियतकालिकही निघत आले आहे. शब्द आकर्षक आहे, आणि तो प्रथम वापरणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. चाकांवरच्या घराची हौस त्या देशात जुनी आहे. 1919 साली फ्लॉरिडातील टॅम्पा येथे अशा प्रवाशांनी आपला पहिला संघ स्थापन केला होता, आणि जॉन स्टाइनबेकसारखा लेखक आपल्या कुत्र्याला बरोबर घेऊन अशाच एका वाहनातून देश पाहून आला, व 1962 साली त्याने त्यावर पुस्तक लिहिले. ज्याची पुंजी सुरक्षित आहे, ज्याने आपखुशीने घर विकले आहे, आणि जो वर्षातून तीन महिने एखाद्या उद्यानात पाहुण्यांना वाटा दाखवून इंधनाचा खर्च भागवितो, त्याच्या मिळकतीला जोडउत्पन्न म्हणणे सर्वस्वी योग्य आहे. परंतु हाच स्टाइनबेक 1939 साली आपल्या कादंबरीत जुनाट मोटारीवर संसार लादून कॅलिफोर्नियाच्या बागांकडे निघालेल्या शेतकरी कुटुंबाची कथाही सांगून गेला होता, आणि 2008 च्या आर्थिक अरिष्टानंतर रस्त्यावर आलेल्या अनेकांची जात पहिल्यापेक्षा या दुसऱ्या प्रवासाशी अधिक जवळची आहे. त्यांची घरे गहाणात गेली होती, किंवा आयुष्यभराची शिल्लक बाजारात वितळली होती. उरलेल्या निवृत्तिवेतनात घरभाडे किंवा अन्न यांपैकी एकच बसत होते, म्हणून त्यांनी भाडे वगळले. जेसिका ब्रुडर या पत्रकार स्त्रीने अशा लोकांबरोबर राहून 2017 साली 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिले, आणि त्यावरील चित्रपटाला 2021 साली ऑस्करचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. चित्रपटाच्या आरंभी येणारे नेवाडातील एम्पायर हे गाव खरे आहे. जिप्समच्या कारखान्याभोवती वसलेल्या त्या गावातील काम 2011 साली बंद झाले, आणि पाठोपाठ टपालखात्याने त्याचा पिनकोडही रद्द केला.

आता हिशेबाकडे वळू. या व्यवसायात सर्वांत अधिक आढळणारा करार असा असतो की, आरव्ही-उद्यानाच्या मालकाने जोडप्याला वीज, पाणी आणि मलनिस्सारण यांच्या जोडणीसह जागा 'फुकट' द्यावी, आणि त्या जोडप्याने आठवड्याला ठरावीक तास काम करावे: कचेरीत नोंदी ठेवणे, शौचगृहे धुणे, गवत कापणे, रात्री उशिरा आलेल्या पाहुण्याला त्याची जागा दाखविणे, शेकोट्या विझल्या की नाहीत ते पाहणे. समजा, त्या जागेचे मासिक भाडे 600 डॉलर आहे, आणि नवरा व बायको यांनी प्रत्येकी आठवड्याला 20 तास द्यावयाचे आहेत. चार आठवड्यांचे मिळून 160 तास होतात. भागाकार करून पाहिला, तर तासाला पावणेचार डॉलर पडतात. आणि अमेरिकेतील संघराज्याच्या कायद्याने ठरविलेले किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर आहे. म्हणजे ज्या जागेला फुकट म्हटले गेले, तिचे भाडे त्या जोडप्याने बाजारभावाच्या जवळजवळ दुप्पट भरले, फक्त ते रोख न भरता अंगमेहनतीने भरले. सर्वच करार असे नसतात, हे मी मान्य करतो. काही मालक प्रत्येक तासाची मजुरी देऊन जागेचे भाडे वेगळे आणि कमी दराने लावतात, आणि जो हिशेब असा उघडा मांडला जातो त्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही.

कायदा या बाबतीत मुका आहे असेही नाही. मालकाने पुरविलेला निवास वेतनात धरता येतो, पण मालकाला प्रत्यक्ष पडलेल्या वाजवी खर्चापुरताच, नफा मिळवून नव्हे. आणि त्याची नोंद दप्तरी असावी लागते. सार्वजनिक संस्थेला किंवा धर्मादाय संस्थेला स्वयंसेवक घेता येतात, आणि राष्ट्रीय उद्यानांत किंवा लष्कराच्या अभियंता दलाने बांधलेल्या धरणांच्या काठी जे वृद्ध लोक जागेच्या मोबदल्यात यजमानपण करतात, त्यांची सेवा खरोखर स्वयंसेवा आहे व तिचा मला आदर आहे. नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी उद्यानाला मात्र 'स्वयंसेवक' ठेवण्याची मुभा हा कायदा देत नाही. तरीही पळवाट उरतेच. वर्षातून सात महिन्यांहून अधिक न चालणाऱ्या हंगामी करमणुकीच्या आस्थापनांना संघराज्याच्या किमान वेतनातून सूट आहे, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरणारा, संघटना नसलेला, पुढच्या महिन्यात तिसऱ्याच राज्यात असणारा वृद्ध मजूर न्यायालयाची पायरी चढण्याऐवजी गाडी सुरू करून निघून जाणेच पसंत करतो. निघून जाण्याच्या ज्या अधिकाराचा मी वर उल्लेख केला, तोच असा मालकाच्या पथ्यावर पडतो, ही या साऱ्या व्यवस्थेतील मला सर्वांत क्लेशदायक वाटणारी गोष्ट आहे.

गोदामांविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तो अध्याय आता मिटला आहे. नाताळच्या गर्दीसाठी ॲमेझॉन कंपनीने 2008 पासून आरव्हीवाल्यांची एक खास फौजच उभारली होती. जागेचे भाडे कंपनी देई, तासाची मजुरी देई, आणि हंगाम संपेपर्यंत टिकून राहणाऱ्याला वर काही रक्कम देई. साठी-सत्तरीतील माणसे सिमेंटच्या फरशीवर दिवसभर मैलोगणती चालत. ही योजना आता बंद झाली असली, तरी तिने एक गोष्ट उघड केली: जगातील एका बलाढ्य व्यापारी संस्थेला आजी-आजोबांच्या वयाची माणसे मजूर म्हणून हवी होती, आणि ती हवी तितकी मिळत होती.

याच्या अगदी उलट चित्रही त्याच रस्त्यांवर दिसते, आणि त्याकडे लक्ष न देणे अन्यायाचे होईल. नळ, वीज, शीतपेटी आणि सौरपट्ट्या दुरुस्त करणारा फिरता कारागीर जेथे शंभर घरे थांबतात तेथे गिऱ्हाईक शोधायला जात नाही, गिऱ्हाईकच त्याला शोधीत येते. तेलवाहिन्यांवर काम करणारा जोडारी, उपग्रहाद्वारे इंटरनेट मिळू लागल्यापासून वाळवंटात बसून गावोगावच्या दुकानांची खाती लिहिणारी हिशेबनीस स्त्री, आणि विशेषतः तेरा-तेरा आठवड्यांच्या करारावर एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात जाणाऱ्या परिचारिका, ही मंडळी आरव्हीत राहून चांगली मिळकत करतात. टेक्सासच्या तेलक्षेत्रांत विहिरींकडे जाणाऱ्या मार्गावर फाटकरक्षक म्हणून बसणारी जोडपी दिवसावारी बऱ्यापैकी रक्कम मिळवितात, पण तेथे चोवीस तास येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक मोटारीचा क्रमांक टिपावा लागतो, आणि दोघांनी मिळून एकच झोप वाटून घ्यावी लागते. या सर्वांत भेद पडतो तो कौशल्याचा. ज्याच्या हातात कसब आहे तो आपला दर सांगतो. ज्याच्याजवळ केवळ तास आहेत, त्याला दर सांगितला जातो.

कसबी माणसाचीही फसगत होते ती करांच्या प्रकरणी. परिचारिकेला वेतनाखेरीज मिळणारा निवास आणि भोजनभत्ता करमुक्त असतो, असे अनेकींना वाटते. परंतु अमेरिकेच्या महसूल खात्याच्या दृष्टीने तो करमुक्त ठरण्यासाठी कोठेतरी कायमचे 'करगृह', म्हणजे करासाठी घर मानले जाणारे ठिकाण, असावे लागते. ज्याचे ठराविक कामाचे ठिकाण नाही आणि ठराविक घरही नाही, तो माणूस त्या खात्याच्या लेखी 'भटका' ठरतो. तो जेथे काम करील तेच त्याचे करगृह, म्हणून तो घरापासून दूर आहे असे कधी होतच नाही, आणि प्रवासखर्चाची वजावट किंवा भत्त्याची सूट त्याला मिळत नाही. साउथ डकोटात एक रात्र मुक्काम करून पावती दाखविली की तेथील वाहनचालकाचा परवाना मिळतो, व त्या राज्यात वैयक्तिक प्राप्तिकर नाही, हे खरे. पण टपाल घेण्यापुरता काढलेला तो पत्ता म्हणजे करगृह नव्हे. वृद्धांसाठी आणखी एक मेख आहे. निवृत्तिवेतन पूर्ण वयाआधी, म्हणजे 1960 मध्ये किंवा नंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत 67 व्या वर्षाआधी, सुरू केले असेल, तर ठराविक मर्यादेपलीकडे कमावलेल्या प्रत्येक दोन डॉलरमागे एक डॉलर रोखून धरण्यात येतो. 2025 साली ही मर्यादा 23,400 डॉलर होती. रोखलेली रक्कम पुढे हिशेबात घेतली जाते, पण आज इंधन भरायचे आहे त्याला त्या 'पुढे'चा उपयोग काय? आणि इंधन तर सतत लागते: मोठी मोटार गॅलनला जेमतेम आठ-दहा मैल जाते, व कामाच्या शोधात दोन हजार मैल जाणाऱ्याची पहिल्या महिन्याची मजुरी बहुतांशी टाकीतच जळते.

हिवाळ्यात ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइट या लहानशा गावाभोवतीच्या वाळवंटात अशी घरे हजारोंनी उतरतात. सरकारच्या भूमी-व्यवस्थापन खात्याने तेथे दीर्घ मुक्कामाची क्षेत्रे राखून ठेवली असून, 15 सप्टेंबरपासून 15 एप्रिलपर्यंतच्या सात महिन्यांचा परवाना शुल्क भरून मिळतो. रत्ने आणि खनिजे यांचे बाजार भरतात, कोणी चांदीचे दागिने घडवून विकतो, कोणी शिवणयंत्र बाहेर मांडून छते आणि पडदे शिवून देतो, आणि पुढल्या उन्हाळ्याच्या कामांच्या वार्ता शेकोटीभोवती एकमेकांना सांगितल्या जातात. या गावी हाजी अली नावाच्या उंटवाल्याची समाधी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेच्या लष्कराने वाळवंटातील वाहतुकीसाठी उंट आणविले तेव्हा तो त्यांच्याबरोबर आला, आणि प्रयोग सोडून दिला गेल्यावर तेथेच राहिला. नोकरीसाठी परमुलखात येऊन नोकरी संपल्यावर मागे उरलेल्या त्या माणसाच्या समाधीभोवती आज हे मुक्काम पडावेत, यावर मी अनेकदा विचार केला आहे.

या लोकांनी एकमेकांसाठी जे केले, ते मला अमेरिकेतील कोणत्याही कायद्याहून मोठे वाटते. 1978 साली एका जोडप्याने स्थापन केलेल्या एस्केपीज या संघाने टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथे केवळ टपाल सांभाळण्याची सोय केली नाही. ज्यांना आता गाडी हाकवत नाही, शरीर थकले आहे, पण चाकांवरचे घर सोडवत नाही, अशा सभासदांना आपापल्या आरव्हीतच राहून जेवण आणि शुश्रूषा मिळावी अशी व्यवस्था त्याने उभी केली. मालकांकडून अपेक्षा करीत न बसता आपल्या म्हातारपणाची तरतूद आपणच करणारी ही माणसे दयेची नव्हे, बरोबरीने करार करण्याच्या हक्काची धनी आहेत.

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हान पर्यटनाचे धोरण स्वीकारले आहे, आणि उद्या सह्याद्रीच्या पायथ्याशी किंवा कोकण किनाऱ्यावर असे मुक्काम उभे राहिले, तर तेथे झाडलोट आणि राखण करणारे गावकरीच असतील. त्यांना झोपडीला जागा दिली म्हणून रोजंदारी कापण्याची प्रथा पडू नये, ही दक्षता आताच धोरणात लिहून ठेवावयास हवी. ऊसतोड मजुरांसाठी कल्याणकारी महामंडळ निघण्यास आपल्याकडे किती पिढ्या गेल्या, याचे स्मरण ठेवावे.

आणि अमेरिकेत वास्तव्य करणाऱ्या मराठी कुटुंबांना एक विनंती. मुलांकडे अभ्यागत-परवान्यावर गेलेल्या आईवडिलांनी आरव्हीतून तो देश अवश्य पाहावा, पण मुक्कामाच्या जागेच्या मोबदल्यात दोन तास झाडलोट करणे हेही तेथे मोबदल्याचे काम ठरते, आणि त्या परवान्यावर काम करण्यास मनाई आहे, हे विसरू नये. तेथील नागरिक किंवा कायमचे रहिवासी होऊन निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेले जे कोणी हा मार्ग धरू इच्छितात, त्यांनी निघण्यापूर्वी तीन आकडे मालकाच्या सहीने कागदावर घ्यावेत: आठवड्याचे तास किती, तासाचा दर किती, आणि जागेची किंमत किती धरली आहे. हे तीन आकडे लिहून देण्यास जो कचरतो, त्याच्या उद्यानात गाडी वळवू नये.